कॅसेटमधला मारिओ आणि रस्त्यावरचा मुस्तफा

महाराष्ट्रातील घरांत व्हिडिओ गेम आला तो बहुतांशी नक्कल यंत्राच्या रूपाने. बारामती, इंदापूर, वालचंदनगर, कळस या पट्ट्यात 1990 नंतरच्या दशकात ज्यांनी टीव्हीला तार जोडून मारिओ किंवा रणगाड्यांचा खेळ खेळला, त्यांच्या हातात निन्टेन्डो या जपानी कंपनीचे मूळ यंत्र क्वचितच होते. तैवान किंवा चीनमध्ये बनलेल्या चिपा घालून तयार केलेला प्लॅस्टिकचा डबा, दोन रिमोट, एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट असा तो संच असे. जुन्या गेमचा जगभरचा इतिहास आता ग्रंथालयांत, संग्रहालयांत आणि लिलावघरांत नोंदला जातो आहे. त्या नोंदींत ही नक्कल यंत्रे जवळजवळ दिसत नाहीत. इथल्या एका संपूर्ण पिढीचा गेमशी संबंध त्यांच्यामुळेच आला, म्हणून या विषयाची मराठी बाजू त्यांच्यापासून सुरू करणे योग्य.

मूळ यंत्राची हकीकत आधी पाहावी लागेल. घरच्या टीव्हीवर खेळायचे पहिले विक्रीयोग्य यंत्र मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून ते 1972 मध्ये अमेरिकेत आले आणि त्याच वर्षी अटारीने ‘पाँग’ हा नाणे टाकून खेळायचा गेम बाजारात आणला. 1976 च्या फेअरचाइल्ड चॅनल एफ या यंत्राने गेम वेगळ्या कॅसेटमध्ये साठवून बदलता येण्याची सोय केली. त्यामागच्या अभियंत्यांचे प्रमुख जेरी लॉसन होते. पुढच्याच वर्षी अटारीने तीच सोय घराघरांत नेली. 1983 मध्ये अमेरिकेतील हा धंदा कोसळला. हलक्या दर्जाच्या गेमचा पूर आला होता आणि दुकानांत माल पडून राहिला. अटारीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत पुरल्या. 2014 मध्ये तेथे उत्खनन करून सुमारे 1,300 कॅसेट बाहेर काढण्यात आल्या आणि त्यांपैकी ‘ई.टी.’ या गेमची एक प्रत स्मिथसोनियन संग्रहालयात गेली.

अमेरिकेत पडझड चालू होती, त्याच 1983 च्या जुलैत निन्टेन्डोने जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ आणले. मासायुकी उएमुरा यांच्या पथकाने ते घडवले होते. त्याचा प्रोसेसर सेकंदाला साधारण 17.9 लाख ठोके देणारा आणि कामाची स्मृती फक्त 2 किलोबाइट. एवढ्या तोकड्या साधनांवर 1985 मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ उभा राहिला आणि तो अख्खा गेम 40 किलोबाइटांत बसला. आज फोनवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. ढग आणि झुडूप यांचे चित्र एकच ठेवून नुसता रंग बदलायचा, भिंतीचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा मांडायचा, अशा काटकसरीतून ते जग तयार झाले. त्या कारागिरांचे कौशल्य पाहायचे तर ते याच काटकसरीत पाहावे.

अमेरिकेत पाठवलेल्या यंत्रात निन्टेन्डोने एक कुलूप-चिप बसवली. यंत्र आणि कॅसेट यांनी एकमेकांना ओळखल्याशिवाय गेम सुरू होत नसे. जपानच्या मूळ फॅमिकॉममध्ये हे कुलूप नव्हते. त्याच्या कॅसेटला 60 पिना होत्या, अमेरिकन कॅसेटला 72. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच 60 पिनांची वाट धरली. तैवानच्या यूएमसी कंपनीने निन्टेन्डोच्या प्रोसेसर आणि चित्र-चिपेची नक्कल बनवली आणि ती युरोप-आशियातील 50 हर्ट्झच्या टीव्हीला जुळेल अशी बेतली. भारतातले टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे 50 हर्ट्झचेच. रशियात हीच नक्कल ‘डेंडी’ या नावाने 1992 पासून घरोघरी पोचली, तर चीनमध्ये ‘सुबोर’ने तिला कीबोर्ड जोडून शिकण्याचा संगणक म्हणून विकले. भारतात ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांचे डबे आले. त्यांतले सामुराई हे नाव निन्टेन्डोच्या यंत्राशी थेट जोडलेले होते. बाकीच्यांत आतल्या चिपा नकलेच्या असत.

मूळ यंत्रे फारशी का आली नाहीत, याचे उत्तर आयात धोरणात आहे. ग्राहकोपयोगी तयार वस्तूंच्या आयातीवर भारतात दीर्घकाळ निर्बंध होते आणि शेवटचे संख्यात्मक निर्बंध 1 एप्रिल 2001 रोजी उठले. ज्या वस्तू रीतसर येत, त्यांवर जबर शुल्क बसे. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने 1995 मध्ये शॉ वॉलेसशी करार करून भारतात पाऊल टाकले. त्या वेळी 80 टक्के आयात शुल्काचा अडसर टाळण्यासाठी ही वाट शोधली गेली होती, तरीही यंत्राची किंमत सुमारे 18,000 रुपये पडत होती. त्या काळी एवढ्या पैशांत चांगला रंगीत टीव्ही येत असे. सुटे भाग आणून इथे जुळवलेला डबा याच्या कितीतरी कमी पैशांत मिळे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि मनीष मार्केट, पुण्याची बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या बाजारांतून तो माल जिल्ह्या-तालुक्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत आणि पुढे यात्रा-जत्रांतल्या खेळण्यांच्या पालांपर्यंत उतरत गेला.

या यंत्रांची कॅसेट हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. वेष्टनावर ‘9999 इन 1’ असे छापलेले असे. यादी उघडली की पानामागून पान गेमची नावे दिसत, पण प्रत्यक्षात वेगळे गेम दहा-वीसच असत. बाकीच्या नोंदी त्याच गेमच्या. फरक इतकाच, की यादीतून निवड केल्यावर गेम सुरू होण्याआधी यंत्राच्या स्मृतीतल्या एखाद-दुसऱ्या रकान्यात वेगळा आकडा भरला जाई आणि खेळणारा थेट पुढच्या पातळीवर किंवा जास्त जीव घेऊन उतरे. फसवणूक म्हणून हे सोडून देता येईल. पण कुणाचाही मूळ प्रोग्राम हाती नसताना, नुसत्या चिपेतले आकडे वाचून ज्याने हे साधले त्याला त्या गेमचे अंतरंग नीट उमगले होते, हेही मान्य करावे लागते. ‘बॅटल सिटी’ (1985), ‘रोड फायटर’, ‘एक्साइटबाइक’, ‘बाँबरमॅन’, ‘ॲडव्हेंचर आयलंड’, ‘सर्कस चार्ली’, ‘कॉन्ट्रा’ हे गेम याच वाटेने मराठी मुलांपर्यंत पोचले. नाम्को, कोनामी, हडसन ही त्यांच्या कर्त्यांची नावे पडद्यावरून बहुतेक वेळा पुसलेली असत. काही कॅसेटांवर मूळ जपानमध्ये कधीच न निघालेले गेमही सापडतात. तैवानमध्ये 1994 साली बनलेल्या ‘सोमारी’त मारिओला सेगाच्या सॉनिकच्या जगात पळवले होते. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मानबिंदू परवानगीविना एकत्र आणणारा तो गेम आज संग्राहक मुद्दाम शोधतात.

बंदुकीचेही तंत्र समजून घेण्यासारखे आहे. ‘डक हंट’मध्ये चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा घटक असतो. त्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. म्हणजे गोळी बंदुकीतून पडद्याकडे जात नाही, प्रकाश पडद्याकडून बंदुकीत येतो. खोलीतल्या दिव्यावर नेम धरून फसवता येऊ नये म्हणून मूळ बंदुकीत जुन्या टीव्हीच्या ओळी रेखण्याच्या वेगाशी जुळणारी गाळणीही होती. आजचे सपाट टीव्ही चित्र तसे रेखत नाहीत आणि ते दाखवायला थोडा उशीरही करतात, त्यामुळे ही बंदूक त्यांच्यावर चालत नाही. व्हिडिओकॉन किंवा ओनिडाचा काचेच्या नळीचा टीव्ही भंगारात गेला, की त्याच्याबरोबर हा खेळही जातो.

घराबाहेर पार्लरचे जग होते. एसटी स्थानक, चित्रपटगृह किंवा महाविद्यालयाजवळच्या गाळ्यात प्लायवूडच्या तीन-चार पेट्या ठेवलेल्या असत आणि रुपया-दोन रुपयांच्या नाण्यावर किंवा टोकनावर खेळ चाले. ज्या गेमला भारतभर ‘मुस्तफा’ म्हणत, त्याचे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉम कंपनीने तो 1993 मध्ये मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेवरून बनवला. चार पात्रांपैकी पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो सर्वांत चपळ, म्हणून त्याच्यावरच बहुतेकांचा हात जाई आणि त्याचेच नाव गेमला चिकटले. त्याच्या जोडीला ‘किंग ऑफ फायटर्स 97’ आणि ‘मेटल स्लग’ हे एसएनके कंपनीचे गेम. चित्रकथेच्या परवान्यामुळे मुस्तफाची घरच्या कन्सोलवर खेळता येईल अशी अधिकृत आवृत्ती कित्येक वर्षे आलीच नाही. भारतात इतका खेळला गेलेला गेम दुकानात जाऊन विकत घेता येऊ नये, ही जुन्या गेमच्या इतिहासातली ठळक उणीव आहे.

कॅपकॉमच्या त्या पिढीतल्या मूळ बोर्डांना एक घातक मर्यादा होती. बोर्डावरच्या छोट्या बॅटरीच्या आधारे गुप्त माहिती स्मृतीत टिकवलेली असे. बॅटरी संपली की ती माहिती पुसली जाते आणि बोर्ड नीट चालेनासा होतो. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही योजना आता मूळ मालालाच मारते आहे. पार्लरांत ज्या बेकायदा प्रती होत्या, त्यांत ही बॅटरीच नसे, म्हणून त्यांपैकी काही अजून चालू स्थितीत सापडतात. पार्लरचा इतिहास लिहिणाऱ्याला आणखी एक साधन महाराष्ट्रात उपलब्ध आहे. व्हिडिओ गेम पार्लरवर राज्य सरकार 1923 च्या करमणूक शुल्क कायद्याखाली शुल्क आकारत असे, आणि 2017 मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत महसूल खात्याची करमणूक कर शाखा हे काम पाहत होती. कोणत्या गावात पार्लर होते आणि ते कधी बंद पडले, हे शोधायचे तर अशा दप्तरांत पाहावे लागेल.

2000 नंतर चित्र पालटले. मुंबईच्या मिताशी कंपनीने 8-बिट टीव्ही गेम रीतसर दुकानांतून, जाहिरात करून विकले. याच कंपनीने 2002 मध्ये भगतसिंगांच्या जीवनावर संगणकासाठी गेम काढला. भारतीय बनावटीच्या सुरुवातीच्या नेमबाजी गेमांत त्याची गणना होते आणि त्याची सीडी आता सहजी दिसत नाही. 1999 मध्ये विशाल गोंडल यांनी मुंबईत सुरू केलेल्या इंडियागेम्सने मोबाइल फोनसाठी जावा गेम बनवले. 2011 मध्ये ही कंपनी डिझ्नीने घेतली. सोनीचे प्लेस्टेशन 2 भारतात बराच काळ खपत राहिले, आणि त्यासाठी केवळ भारतीय बाजार डोळ्यांपुढे ठेवून काही गेम निघाले. हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ (2009), देशी खेळांवरचा ‘देसी अड्डा’, मुंबईच्या ट्राइन कंपनीचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ ही त्यांची उदाहरणे. हे गेम खेळ म्हणून फार मोठे नाहीत. पण त्यांच्या प्रती या देशाबाहेर फारशा गेल्याच नाहीत, त्यामुळे प्लेस्टेशन 2 चा पूर्ण संच जमवणाऱ्या परदेशी संग्राहकाला ते मिळवणे अवघड जाते.

क्रिकेटच्या बाबतीत उलटा प्रकार घडला. निन्टेन्डोच्या त्या 8-बिट यंत्रासाठी ‘इंटरनॅशनल क्रिकेट’ नावाचा गेम 1992 मध्ये निघाला, तो मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरने बनवलेला आणि ऑस्ट्रेलियापुरता मर्यादित. ज्या देशात त्याला सर्वाधिक खेळाडू मिळाले असते, तिथे तो आलाच नाही. भारतीय मुलांची ही भूक संगणकाने भागवली. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट 07’ 2006 च्या शेवटी आला आणि त्यानंतर त्या कंपनीने क्रिकेटचा मोठा गेम काढलाच नाही. पण चाहत्यांनी संघ, गणवेश, मैदाने बदलत तो जिवंत ठेवला. आयपीएल 2008 मध्ये सुरू झाली, तरी तिचे संघ या 2006 च्या गेममध्ये खेळताना दिसतात. ही दुरुस्तीची कामे बिनपैशाची होती आणि त्यांचे कर्ते बहुतांशी अज्ञात राहिले.

दुर्मिळ गेमच्या किमतींची चर्चा मात्र अमेरिकेभोवतीच फिरते. 1990 च्या निन्टेन्डो जागतिक स्पर्धेसाठी बनवलेल्या कॅसेट फक्त 116 होत्या, 90 करड्या आणि 26 सोनेरी. त्यांची दुर्मिळता निर्विवाद आहे. 2021 ची तेजी वेगळ्याच पायावर उभी होती. त्या वर्षी एप्रिलमध्ये वेष्टन न उघडलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ 6 लाख 60 हजार डॉलरला विकला गेला, जुलैत ‘सुपर मारिओ 64’ ला 15 लाख 60 हजार डॉलर मिळाले आणि ऑगस्टमध्ये मारिओची आणखी एक सीलबंद प्रत 20 लाख डॉलरपर्यंत गेली. हे गेम लाखोंच्या संख्येने छापलेले. दुर्मिळ होते ते न फाटलेले वेष्टन आणि दर्जा ठरवणाऱ्या संस्थेने दिलेला गुणांक. पुढे किमती उतरल्या आणि दर्जा ठरवणाऱ्या संस्थेवर अमेरिकेत खटलाही दाखल झाला. सीलबंद डब्याच्या या व्यापारात गेम खेळण्याचा संबंध जवळजवळ उरत नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्याचे मोलही थोडेच आहे.

महाराष्ट्रात दुर्मिळतेची कारणे निराळी आहेत. पिवळ्या कॅसेटा मोठ्या संख्येने आल्या, पण सीलबंद ठेवायला कुणी घेतल्याच नव्हत्या. त्या शेजारीपाजारी अदलाबदलीत फिरल्या, दुकानात भाड्याने गेल्या, मोडल्या आणि फेकल्या गेल्या. पुठ्ठ्याचे खोके, हमीपत्र, दुकानदाराचे बिल, पार्लरचे टोकन, पेटीवर रंगवलेली पाटी या वस्तू तर त्याहून आधी नष्ट झाल्या. कोणता डबा कोणत्या साली, कोणत्या नावाने आणि कोणत्या किमतीला विकला गेला, याचा पुरावा त्यांच्यातच असतो. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, मुंबईत चोर बाजार आहे. तेथे केवळ कॅसेट घेऊन खोका मागे ठेवणारा संग्राहक अर्धा ऐवज सोडून येतो.

टिकवण्याच्या दृष्टीने इंदापूर-बारामतीचा भाग तुलनेने सोयीचा आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश असल्याने कोकणातल्यासारखी बारमाही दमट हवा येथे नाही आणि पितळी-तांब्याच्या संपर्कपट्ट्या हळू गंजतात. धूळ आणि विजेचा चढ-उतार हे येथले शत्रू. विहिरींवरचे पंप एकदम सुरू-बंद होणाऱ्या वाहिनीवर जुना अडॅप्टर थेट जोडणे धोक्याचे. स्थिर दाब देणारा नवा अडॅप्टर, ध्रुव आणि व्होल्टेज तपासून, वापरावा. कॅसेट चालत नसली की तोंडाने फुंकर मारायची सवय सर्वत्र होती, पण तोंडातल्या वाफेने संपर्कपट्ट्या गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवणे हा बरा उपाय. गेम साठवण्याची सोय असलेल्या मूळ कॅसेटांत नाण्याएवढी बॅटरी असते, ती बदलताना साठवलेला खेळ जातो. स्वस्त कॅसेटांत चिपेला वेगळे कवचच नसते. सिलिकॉनचा उघडा तुकडा पट्टीवर चिकटवून वर काळ्या इपॉक्सीचा गोळा टाकलेला असतो. त्यातली केसाहून बारीक तार तुटली, तर ती दुरुस्त करणे जवळपास अशक्य.

म्हणून वस्तू सांभाळण्याइतकेच तिच्यातले आकडे वाचून घेणे महत्त्वाचे ठरते. कॅसेट वाचणारी छोटी यंत्रे संगणकाला जोडून हे करता येते. पार्लरच्या बोर्डांसाठी हे काम निकोला साल्मोरिया यांनी 1997 मध्ये इटलीत सुरू केलेल्या ‘मेम’ प्रकल्पाने जगभर केले, आणि मुस्तफा आज अभ्यासता येतो तो त्यामुळेच. 2023 मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने दाखवून दिले, की 2010 पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या गेमांपैकी 87 टक्के आता विक्रीसाठी उपलब्धच नाहीत. भारतातल्या जावा गेमांची स्थिती याहून बिकट आहे. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवरचे गेम ‘आर वर्ल्ड’मधून थेट फोनवर उतरत. ती सेवाही गेली आणि ते फोनही. ज्या हँडसेटच्या स्मृतीत असा गेम उरला असेल, तो हँडसेटच त्या गेमची शेवटची प्रत असण्याची शक्यता आहे. ड्रॉवरमधले जुने फोन भंगारवाल्याला देण्याआधी त्यांतल्या फायली उतरवून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची बाजू संग्राहकाने ओळखून असावी. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवू किंवा बिघडू नये यासाठी राखीव प्रत करण्याची मुभा कलम 52 देते. ती प्रत विकण्याची किंवा वाटण्याची मुभा त्यात नाही. नकलेच्या कॅसेटवरचे गेम मूळ कंपन्यांच्याच मालकीचे असतात. यादीचा पडदा, बदललेली नावे, वेष्टनावरचे चित्र यांचा कर्ता कोण, हे मात्र बहुतेकदा शोधता येत नाही. अशा वस्तूंची छायाचित्रे, आतल्या पट्टीवरचे क्रमांक, खरेदीचे ठिकाण आणि साल यांची नोंद वहीत करून ठेवायला कोणताही कायदा आड येत नाही, आणि पुढच्या अभ्यासकाला सर्वाधिक उपयोग त्याच नोंदीचा होईल.